तोंडाची भवानी

माझा थोरला भाऊ सदाशिव, म्हणजे आमचा अण्णा, वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालणार, आणि त्याला शिव्या घालायचा हक्क माझा आहे. मी शालिनी, त्याची पाठची बहीण. लग्न केलं नाही, धारवाडच्या शाळेत गणित शिकवलं आणि रिटायर झाल्यावर हुबळीला, केशवापुरातल्या घरी भावांच्यात राहायला आले. घरात अण्णा, मालतीवहिनी, आमचा धाकटा भाऊ संदीप आणि त्याची बायको उत्तरा.

अण्णाचं दाजीबानपेठेत लुगड्यांचं आणि खणांचं दुकान. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, होईस्तोवर त्या दुकानात ‘नाही’ हा शब्द कुणी काढायचा नाही. गिऱ्हाइकानं हिरवं इरकल मागितलं आणि ते नसलं, तर ‘येतंय, तोवर हे निळं बघा की अक्का’ म्हणायचं. एकदा संदीपच्या तोंडून सकाळी सकाळी ‘संपलं’ निघालं, तर अण्णानं त्याला गिऱ्हाइकासमोर असा झापला की विचारू नका. तेव्हा संदीपचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्यानं मान खाली घातली आणि लुगड्यांच्या घड्या घालत बसला. आमचे वडील लवकर गेले, संदीपला अण्णानंच वाढवला, शिकवला, लग्न करून दिलं. अण्णासमोर आवाज चढवणं त्याला जमायचंच नाही.

मग तो रोग आला आणि दुकानाचं शटर पडलं. अण्णा दिवसभर बनियनवर खिडकीत उभा. जेवण जाईना, कुणाशी बोलेना. वहिनी मला म्हणाली, “शालू, ह्यांचं डोकं फिरणार बघ.” डोकं फिरलं नाही. एका सकाळी तो आंघोळ करून, गंध लावून गच्चीवर गेला आणि आम्हा सगळ्यांना हाका मारल्या. म्हणाला, “दुकानाची भवानी बंद पडली, तर पडू दे. आपण तोंडाची भवानी करू.”

म्हणजे काय, तर उजाडलं की आंघोळ, झाडलोट, तुळशीला पाणी, सूर्यनमस्कार. मग गच्चीवर पाट मांडून बसायचं आणि प्रत्येकानं एक चांगली गोष्ट सांगून देवाचे आभार मानायचे. दिवसाचा पहिला शब्द चांगलाच निघाला पाहिजे. तो बोलल्याशिवाय चहा नाही. आणि ताप, खोकला, मेला, गेला हे शब्द तर उंबऱ्याच्या आत आणायचेच नाहीत.

मी म्हटलं, “अण्णा, तू दोन मिनिटं गप्प बसलास तर मी देवाचे आभार मानीन. झाली माझी भवानी, आण चहा.”

“तू स्वतःच एक भवानी आहेस,” तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

खरं ते सांगते, त्या पहिल्या वर्षी त्यानं घर सावरलं. शेजारीपाजारी नवरा-बायकोची भांडणं भिंतीपलीकडून ऐकू यायची, आणि आमच्याकडं सगळे वेळेवर उठत, वेळेवर जेवत. उत्तरा सांगायची, मोगऱ्याला कळी आली. संदीप सांगायचा, वहिनीची भाकरी फुगली. मीसुद्धा, एवढी तिरसट बाई, उद्या काय बोलायचं ते संध्याकाळपासून शोधायला लागले होते. नातेवाइकांत अण्णाचं कौतुक झालं. ‘सदाशिवनं घर कसं आनंदी ठेवलंय बघा,’ असं जो तो म्हणे. तिथंच घात झाला. त्याला वाटलं, रोगाला आपणच दाराबाहेर उभा केलाय.

दुसऱ्या वर्षी रोग उलटून आला तो राक्षसासारखा. ओळखीची माणसं पटापट जायला लागली. अण्णानं टीव्ही बंद केला, कुणी गेल्याचा फोन आला की मधेच कापायचा. घरात ज्वारी संपली, तेव्हा दुर्गदबैलाच्या बाजारात त्यानं संदीपलाच धाडलं. आठवडाभरानं संदीप सकाळी पाटावर बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, “आज उदबत्तीचा वास काय सुंदर येतोय. देवाचे आभार.”

“वा!” अण्णा म्हणाला.

उदबत्ती लावलीच नव्हती. वहिनी काडेपेटी खाली विसरली होती, कोरी उदबत्ती तशीच कुंडीत खोचलेली होती. मी उत्तराकडं पाहिलं. तिनं उदबत्तीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

जिन्यात मी त्याचा दंड धरला. अंग तव्यासारखं तापलेलं. “संदीप, खरं सांग, तुला वास येतो?”

“आराम आहे, अक्का.”

आमच्या गावात ‘आराम?’ विचारलं की ‘आराम’ म्हणायचं. मरायला टेकलेला माणूससुद्धा तेच म्हणतो. हा तर मी न विचारताच म्हणाला.

मी अण्णाला स्पष्ट सांगितलं, ह्याची टेस्ट करा, दवाखान्यात न्या, अजून जागा मिळतायत. तो म्हणाला, “टेस्ट केली की नाव लागतं. नाव लागलं की माणूस भितो. आणि भिऊनच मरतात सगळे. काढा देऊ, वाफ देऊ, चांगला विचार देऊ.”

“चांगल्या विचारानं फुप्फुस भरत नाही अण्णा!”

“सकाळी सकाळी तोंड विटाळू नकोस, शालू.”

मी त्याला न विचारता टेस्टवाल्याला बोलावलं. पोशाख चढवून बिचारा फाटकापर्यंत आला. अण्णानं फाटक उघडलंच नाही. इथं सगळे आराम आहेत म्हणाला. त्या माणसानं वर खिडकीकडं बघत कन्नडमध्ये विचारलं, बरे आहात ना? आणि आमचा संदीप, खिडकीचा गज धरून उभा राहिलेला संदीप, खाली ओरडून म्हणाला, “हौद्री, आराम अदीनी!” होय, बरा आहे. एवढं ओरडून त्याला जो खोकला लागला तो थांबेना. तोवर टेस्टवाला पुढच्या घरी गेला होता. मला त्या क्षणी दोघांनाही बडवावंसं वाटलं.

उत्तरानं अण्णाचे पाय धरले. “भावजी, ह्यांना आडवंसुद्धा होता येईना. बसूनच असतात. तुम्ही म्हटल्याशिवाय हे दवाखान्यात यायचे नाहीत. एकदा म्हणा की हो!”

अण्णानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. किती मायेनं ठेवला! “पोरी, तूच असं बोललीस तर त्याला बळ कुठनं येणार?” आणि ती खुळी पोर डोळे पुसून, आपलंच चुकलं अशा तोंडानं आत गेली.

संदीप तरीही रोज गच्ची चढायचा. पायरीवर थांबायचा, कठड्याला टेकायचा, पुन्हा चढायचा. पाट रिकामा राहिला तर अण्णा खचेल, असं तो उत्तराला म्हणाला होता. कोण आजारी आणि कोण कुणाला सांभाळतंय!

शेवटी मी शेजाऱ्यांकडून बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र आणलं आणि गच्चीवरच, सगळ्यांसमोर, त्याच्या बोटात अडकवलं. जन्मभर आकडे शिकवलेली बाई मी, तो आकडा मला दोनदा वाचावा लागला. मी किंचाळले, “अँब्युलन्स बोलवा!” अण्णानंही आकडा पाहिला. त्याच्या ओठांचा रंग उडाला. आणि तो काय म्हणाला असेल?

“एक मिनिट. आज त्याची भवानी व्हायचीय. तेवढी होऊ दे, मग नेऊ. अशुभ तोंडानं घराबाहेर नको.” त्यानं संदीपचा हात हातात घेतला. “बोल बाळा, एकच.”

आणि संदीप प्रयत्न करायला लागला हो! “दे... देवा...” म्हणायचा आणि श्वास अडकायचा. पुन्हा तोंड उघडायचा. उत्तरा त्याची पाठ चोळत होती, वहिनी पदर तोंडात धरून उभी होती, आणि अण्णा वाट बघत होता. मी अण्णाच्या थोबाडीत मारली. साठी उलटलेल्या थोरल्या भावाच्या. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आणखी आधी मारायला हवी होती.

मग या दवाखान्याचं फाटक, त्या दवाखान्याचं फाटक. जागा नाही, जागा नाही. सूर्य कलताना एके ठिकाणी खाट मिळाली. तिथला डॉक्टर अगदी पोरसवदा होता, त्यानं अण्णाला एकच विचारलं, “इतके दिवस काय करत होता?” नर्सनं फोनवर उत्तराला संदीप दाखवला, तोंडावर घट्ट मास्क, डोळे उघडे. तेवढंच तिला त्याचं शेवटचं दर्शन. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. महापालिकेची माणसं त्याला परस्पर घेऊन गेली.

नंतर आम्ही सगळेच आजारी पडलो आणि सगळेच उठलो. अण्णाला तर नुसती कणकण आली. देवाला लाज म्हणून नाही.

उठून हिंडायला लागलो त्या पहिल्या सकाळी वरून पाट सरकवल्याचा आवाज आला. मी तरातरा गच्चीवर गेले. अण्णा आंघोळ करून बसला होता. “शालू, हे सोडलं तर मी वेडा होईन ग,” तो म्हणाला.

मागून उत्तरा आली. कुणी बोलावलं नव्हतं. ओले केस, कपाळ रिकामं. पाटावर बसली. अण्णाचा चेहरा उजळला, मेल्याचा! “बोल पोरी,” तो म्हणाला, “एक तरी चांगलं बोल. त्यालाही बरं वाटेल.”

उत्तरानं हात जोडले. तिचा आवाज अगदी सरळ होता.

“देवाचे आभार. शेवटी ह्यांच्या तोंडाला मास्क बांधला होता. काही चांगलं बोलावं लागलं नाही.”

वहिनी रडायला लागली. अण्णा आपल्या बायकोकडं न बघताच म्हणाला, “हिला चहा दे.”

उत्तरानं कप घेतला आणि त्याच्या समोर बसून, त्याच्यावरची नजर न काढता, सगळा चहा प्यायली.