पारूबायची पाटी

"मॅडम, चोवीस खाटांपैकी वीस रिकाम्या. लोक अजून मासळी बाजाराच्या ओट्यावरच झोपतायत. तुम्ही नेमकं बांधलंत तरी काय?"

नगरपरिषदेचे मुख्याधिकारी साहेब चिडले होते आणि बोलत होते ते खरंच होतं. बेघरांसाठीचं हे निवारा केंद्र माझं डिझाइन. रत्नागिरीत पंचवीस वर्षं आर्किटेक्ट आहे मी. पंखे, टाइल्स, स्वच्छ संडास, सगळं चोख दिलं होतं. तरी भर मीटिंगमध्ये नाक कापलं गेलं.

प्लॅन गुंडाळला आणि तडक बाजारात गेले. ओट्यावर पारूबाय मासे विकत होती, माझी नेहमीची मासेवाली. नवरा गेल्यावर सासरचं घर सुटलं, तेव्हापासून धंदा तिथे आणि झोपणंही तिथेच. साठीची बाई, खोकल्याने बेजार.

"केंद्रात का गो येत नाहीस?"

"आलेली मी, बाय. वॉचमन बोल्ला, मासळीची पाटी आत नको, वास येतो. भायेर ठेवली, तर कुनीतरी नेलान. कोयतीपन गेली. आता ही उसनी आनलीय. ही गेली तर खाव काय, तुमची खाट?"

आमच्या गावच्या घरात कोयती, जाळं, पावसात डोक्यावर घ्यायची ओली इरली, सगळं पडवीत असायचं. पडवी म्हणजे घरापुढचा उतरत्या छपराचा भाग. एवढं साधं, आणि मी शिकूनसवरून विसरले होते.

नव्या प्लॅनमध्ये सहा खाटा काढल्या. त्या जागेत पुढे पडवी घेतली. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत प्रत्येकाला एक कोनाडा, त्याला जाळीचं दार आणि कुलूप. शेजारी पाट्या धुवायला मोरी.

"खाटा कमी करताय? वर रिपोर्ट काय देऊ?" साहेब म्हणाले.

"अठराच्या अठरा भरल्या, असा द्या."

"आणि नाही भरल्या तर?"

"तर नगरपरिषदेचं एकही काम मला देऊ नका."

बोलून गेले खरी, पण घरी येऊन प्लॅन पुन्हा दोनदा तपासला.

पडवी झाली त्या संध्याकाळी पारूबाय आली. पाटी धुतली, कोनाड्यात ठेवली, कुलूप तीनदा ओढून पाहिलं. चावी पदराला बांधली आणि आत जाऊन खाटेवर आडवी झाली. महिन्याभरात सगळ्या खाटा भरल्या. मी मोठमोठे बंगले बांधलेत, पण फुशारकी मारायची वेळ आली की त्या पडवीचीच मारते.

हल्ली बाहेरगावचे अधिकारी केंद्र बघायला येतात. साहेब त्यांना सांगतात, "पडवीची आयडिया आमची." सांगू देत. मी एवढंच शिकले, की घर नसलेल्या माणसालाही सामान असतं. आधी ते बघावं, खाटा मागाहून मोजाव्यात.