आईंचं डबिंग

डोंबिवलीत माझा चेहरा कुणी ओळखत नाही, पण आवाज ऐकला की चांगली संसारी माणसं रांग सोडून माझ्याकडे येतात. परवा बँकेत कॅशियरने काचेआडून विचारलं, "मॅडम, टीव्हीवरचा तो खोडकर मुलगा तुम्हीच ना? आणि तो कावळा?" मी म्हटलं, "आणि त्यांना ओरडणारी म्हातारीही मीच." मागच्या लोकांना थांबवून त्याने तिघांचं भांडण ऐकून घेतलं. मीही आढेवेढे घेतले नाहीत. लाजायला मी काय नवी नवरी आहे?

लहान मुलांच्या टीव्हीवर मी उभं आयुष्य काढलं. आधी बाहुल्यांचा कार्यक्रम, मग परदेशी कार्टूनचं मराठी डबिंग. पडद्यावर दिसले कधीच नाही. बोलले मात्र मुलगा, कावळा, शेळी, हवालदार आणि एकदा तर रुसलेला ढोल. माझं माहेर ठाण्याचं, खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. होडीतल्या माणसाला काठावरून हाक मारायची आमच्याकडे पोरींनाही सवय, त्यामुळे छातीतून आवाज काढायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. बाकीचं मी शिकून घेतलं. मुलगा बोलताना टाचा उचलायच्या, कावळ्यासाठी हनुवटी छातीला टेकवायची, म्हातारीसाठी हात कमरेवर आणि खालचा ओठ पुढे. तिघं एका प्रसंगात आले की माइकसमोर माझी अशी काही कसरत चालायची की रेकॉर्डिस्ट हसू दाबून लाल व्हायचा. मी चांगलं काम करते, हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

यातली म्हातारी मी सासूबाईंकडून उचलली होती. लग्न होऊन कोकणातून डोंबिवलीत आलेली बाई, तोंडाने फटकळ. भाजीवाल्याला 'दादा, दादा' म्हणत त्याची वांगी किडकी ठरवायच्या, आणि त्यालाही ते पटायचं. पहिला भाग लागला तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं आणि मी आईंकडे बघत होते. आईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "ही मीच की! पण मी इतकी सावकाश नाही बोलत." पुढच्या भागापासून मी वेग वाढवला.

गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. कुणीतरी लिहायला पाटी आणून दिली. त्यांनी ती दोन दिवस वापरली आणि कपाटावर टाकून दिली. ऐन भांडणात चष्मा शोधायला वेळ कुणाला असतो? त्या तोंडाने बोलतच राहिल्या. ओठ नेहमीच्या वेगाने चालायचे, फक्त बाहेर काही ऐकू यायचं नाही. माझा नवरा त्यांच्या तोंडाकडे बघून सगळ्यालाच "हो हो" म्हणायचा आणि त्या आणखी भडकायच्या. मला ते बघवत नव्हतं. माझ्या घरातली सगळ्यात बोलकी बाई अशी भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होती.

एक दिवस भाजीवाला दाराशी आला. आईंचे ओठ हलले आणि माझा हात आपोआप कमरेवर गेला. "अरे दादा, ही मेथी आहे की गवत? गुरं नाही पाळलेली आम्ही!" हुबेहूब त्यांचा आवाज. भाजीवाल्याच्या हातून जुडीच पडली. नवरा आतून धावत आला. "अगं, लाज वाटते का? आजारी माणसाची नक्कल करतेस?"

मी आईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या, आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मग ओठ हलले आणि मी त्याच आवाजात म्हटलं, "तू गप बस रे, दोन बायका बोलतायत." तो आला तसा आत गेला.

त्या दिवसापासून आमचं ठरूनच गेलं. डबिंग म्हणजे दुसरं काय असतं? हलणाऱ्या ओठांवर आवाज बसवायचा. ते बंद झाले की आपलं वाक्य संपलं पाहिजे, आणि त्यांच्यावर जे नाही ते पदरचं घालायचं नाही. माझ्याकडून शब्द चुकला की आई टेबलावर थाप मारायच्या आणि मी पुन्हा म्हणायची. एवढा कडक डायरेक्टर मला कुठल्या स्टुडिओत भेटला नाही. शेजारपाजारच्या बायका पुन्हा गप्पांना यायला लागल्या. थोड्या दिवसांनी त्या माझ्याकडे बघायच्याही नाहीत, सरळ आईंशीच भांडायच्या.

अशात तो जुना बाहुल्यांचा कार्यक्रम नव्याने करायचं ठरलं. ठाण्याला घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओतून फोन आला. मुलगा, कावळा, म्हातारी, तिन्ही आवाज त्यांना माझेच हवे होते. मी ऐकून हुरळले आणि नाही म्हटलं. दिवसभर मी तिकडे गेले तर आईंचं कोण बोलणार? आई समोरच बसल्या होत्या. त्यावर काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रविवारी धाकटे दीर आले. तेही घोडबंदरलाच राहतात, टॉवरमध्ये. "वहिनी, आईला आता मी घेऊन जातो. तू एकटी किती करणार? आमची ही घरूनच काम करते, दिवसभरासाठी बाईही मिळालीये." मनापासून बोलत होते, तरी माझं डोकं तापलं. मला आईंना पाठवायचं नव्हतं. कर्तव्य वगैरे काही नाही, त्यांच्यावाचून मला करमलं नसतं. मग दोघे भाऊ लिफ्ट कशी आहे, हॉस्पिटल किती जवळ आहे, यावर चर्चा करू लागले. आईंच्या डोक्यावरून.

"अरे, त्यांना विचारा ना!" मी ओरडले.

सगळे वळले. आईंचे ओठ हलले. पहिल्यांदाच सावकाश.

त्या 'येते' म्हणाल्या होत्या. ते ओठ वाचता येणारी त्या खोलीत मी एकटी. क्षणभर वाटलं, 'नाही येत' म्हणून टाकावं. त्यांनी थाप मारली असतीच, पण त्यांची थाप काय, कशावरही पडते. मग मी कमरेवर हात ठेवला आणि त्यांच्या आवाजात म्हटलं, "येते मी तुझ्याकडे."

दिरांचा विश्वास बसेना. "खरंच?"

"खरंच. तुझ्या बायकोचा चहा पाणचट असतो, तो मी करीन."

माझ्याच्याने राहवलं नाही. मी माझ्या आवाजात विचारलं, "आणि तिथं तुमचं कोण बोलणार?"

त्यांनी दिरांकडे बोट केलं. ओठ चालले, मागोमाग मी. "हा शिकेल. याला बोलायलाही मीच शिकवलंय. आणि तुझा स्टुडिओ तिकडेच आहे, येता-जाता तोंड दाखव." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "ही इथं बसून फुकट माझा आवाज काढते. तिकडे जाऊन काढू दे. हिला कामाला जाऊ दे."

टेबलावर थाप पडली.

नवरा म्हणाला, "काय चुकलं?" आईंनी ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून, नवख्या नटाला समजावतात तसं. खरं तर मला ते आधीच दिसलं होतं, तोंडातून काढायला धजले नव्हते. मी पुन्हा कमरेवर हात ठेवला, खालचा ओठ पुढे काढला. तो जागेवर राहीना.

"माझ्या पोरीला कामाला जाऊ दे."

आवाज माझाच निघाला. आईंनी तो चालवून घेतला.