गळाला लावायची कणीक

परवा वरणाच्या फोडणीसाठी हिंगाची डबी उघडली आणि त्या उग्र वासासरशी अंबाझरीचं तळं समोर उभं राहिलं. दर रविवारी तिथे गळ टाकून बसायचं, हे आमच्या ह्यांचं वेड. गळाला लावायची कणीक हिंग घालून मी मळायची, पण तिचा रंग ते ठरवायचे. शनिवारी कचेरीतून येताना सायकल तळ्यावरून घेत आणि दारातूनच ओरडत, "पानी गढूळ आहे वं, हळद टाक!" पाणी निवळ असलं, तर कणीक पांढरीच. ते गेल्यावर, तेरवी होऊन बरेच दिवस झाले तरी, एका रविवारी सवयीनं माझ्या हातून कणकेत हिंग पडला आणि हळदीपाशी हात थांबला. पाणी पाहून आलेलं घरात कोणीच नव्हतं. तो पांढरा गोळा टाकवेना, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून मी तळ्यावर गेले. दर रविवारी त्यांच्या शेजारी गळ टाकून बसणारे त्यांचे दोस्त नेहमीच्या दगडावर एकटेच बसले होते. गोळा पाहून हळूच म्हणाले, "वहिनी, पानी गढूळ आहे. पांढरा माशाले दिसत नाही." मी तो परत गुंडाळू लागले, तर म्हणाले, "राहू द्या. आज हाच लावतो." अंधार पडेपर्यंत गळाच्या दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी हलली नाही, आणि त्यांनीही गोळा बदलला नाही. आता ते दोस्तही नाहीत. परवा फोडणी जळाली. हळदीचा चमचा हातात धरून मी दाराकडे पाहत उभी होते.