बघायचं पाणी

लाउडस्पीकरवाला "समस्त नागरिकांनी" म्हणाला आणि मी माझ्या मायला घेऊन गेलो. एवढीच माझी चूक.

दुसऱ्या कुणी केली असती तर लोक त्याला भोळा म्हणाले असते. पण मी नगरपालिकेचा माणूस. मला कळायला पाहिजे होतं.

नगरपालिकेचा माणूस म्हणजे काय, तर रोजंदारीवरचा व्हॉल्व्हमन. मॅट्रिकला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणितानं उठवलं. मग वस्तीतल्या मास्तरांनी कुठंतरी शब्द टाकला आणि माझ्या हातात ती लोखंडी चावी आली. छातीला लागेल एवढी उंच, वर आडवा दांडा. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, चावी आत सोडायची, फिरवायची. एक गल्ली बंद, दुसरी चालू. ती चावी खांद्यावर टाकून मी बाजारातून चालायचो तेव्हा वाटायचं, गाव माझ्याकडं बघून राहिलंय. गाव चावीकडं बघायचं. हे कळायला लई वेळ गेला.

गावाचं नाव सांगत नाही. तिथं माझा मावसभाऊ राहतो, उगं त्याचा नळ तोडतील. एवढं सांगतो, लातूर नवा जिल्हा झाला आणि आमचा तालुका उस्मानाबादच्या पदरातून निघून लातूरच्या पदरात पडला. गावाला हुरूप आला. पाटीवरचं जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहिलं. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला म्हणायचा. तळ्यात पोरं क्रिकेट खेळायला लागली. टाकीत यायचं ते बोअरचं पाणी, तेही टाकी अर्धी भरेल एवढंच. वरच्या आळीला एक दिवसाआड. नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीला आठवड्यातून एकदा, सबंध वस्तीला मिळून एक नळ. सोडणारा मीच.

अशात नगरपालिकेनं बाग केली. नव्या जिल्ह्यात आपलं गाव शोभलं पाहिजे म्हणून. सिमेंटचा हत्ती, घसरगुंडी, मधोमध गोल हौद आणि हौदात कारंजं. दुष्काळात कारंजं कसं काय, असं मी ओव्हरसियर साहेबांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, अरे तेच पाणी वर जातं, तेच खाली येतं, खर्च कुठं होतं? मला एकदम पटलं. मी हीच अक्कल वस्तीत जाऊन माझी म्हणून सांगितली. वरच्या आळीतल्या, मारुतीच्या पाराकडच्या लोकांना कळणार नाही अशी गोष्ट आपल्याला कळली, असा माझा चेहरा होता.

त्याच दिवसांत आक्का बाळंतपणाला आलेली. माझी थोरली बहीण. तिला हिमायतनगरकडं दिलेलं. पहिलं लेकरू, म्हणून मायनं आणवलं. पोरगी झाली. घरात पाणी म्हणाल तर पिण्यापुरतं, तेही फडक्यानं गाळून. आम्ही धर्म बदलला तेव्हा सटवाई सोडली, जागरण सोडलं, पण पाचव्या दिवशीचं बाळंतिणीचं न्हाणं मायनं सोडलं नाही. म्हणायची, लेकीचं अंग चिकाट झालंय, त्याला कुठला धर्म आलाय? पाच दिवस माय त्या एका न्हाण्यासाठी थांबली होती. वस्तीच्या पाण्याची पाळी नेमकी त्याच दिवशी येत होती. तिला वाटलं, नशीब.

आणि त्याच दिवशी बागेचं उद्घाटन निघालं. सकाळी साहेब म्हणाले, आधी हौद भर, वस्तीला उद्या सोड. मी हाव साहेब म्हणालो. घरी येऊन मायला सांगितलं, पाणी उद्या. ती चुलीपुढं बसलेली. म्हणाली, पाचवी उद्या न्हाई, आज हाय. मी म्हणालो, एका दिवसानं काय होतंय? आतून आक्का म्हणाली, राहू दे माय, त्याला कामून बोलून राहिलीस, त्याच्या हातात काय हाय?

दुपारी रिक्षा फिरली. समस्त नागरिकांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. आता मला सांगा, 'सहकुटुंब' हा शब्द ऐकल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर कसं राहील? मी मायला म्हणालो, चल, माझ्या हातानं कारंजं सुरू होणार हाय, बग तरी. तिनं विचारलं, पाणी हाय का तितं? मी म्हणालो, लई. हवेत उडतंय.

तिनं घागर घेतली.

घागर कशाला, म्हणालो. ती म्हणाली, पाणी हाय म्हणालास ना. मी हसलो. तांब्यात निखारे टाकून शर्टाला इस्त्री केली होती, तो बिघडू नये म्हणून तिच्या पुढं पुढं चाललो.

बागेत मांडव. पुढं गाद्यांच्या खुर्च्या, मागं सतरंजी. लातूरहून मोठे साहेब यायचे होते, ते यायला अजून अवकाश होता. नगराध्यक्षांच्या मंडळी ताट घेऊन उभ्या, जलपूजन त्यांच्या हातानं होतं. मायला मी कडेला, हत्तीच्या सावलीत उभं केलं आणि चेंबरपाशी जाऊन राहिलो. ओव्हरसियर साहेबांनी रुमाल हलवला. एकदा चालवून बघायचं होतं. मी चावी फिरवली, कुणीतरी मोटर लावली, आणि पाणी खरंच वर गेलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी छाती काढून हत्तीकडं बघितलं.

माय तिथं नव्हती.

ती हौदाच्या काठाला बसली होती. उकिडवी, पदर खोचून. ओंजळीनं घागरीचं तोंड खळबळून तिनं ते पाणी बाहेर टाकलं, मग घागर आडवी करून आत लोटली. कुठल्याही पाणवठ्यावर बाई बसते तशी. घाई नाही, चोरी नाही. मोटर बंद झाली होती, आणि घागर भरल्याचा तो गुडगुड आवाज सगळ्या मांडवानं ऐकला.

नगराध्यक्षांच्या मंडळींनी निऱ्या आवरून दोन पावलं मागं घेतली. ताट दुसऱ्या बाईकडं दिलं.

ओव्हरसियर साहेब धावत आले. म्हणाले, "ए बाई, ते पाणी बघायचं आहे. भरायचं नाही."

मायला वाटलं चेष्टा करतात. ती वर बघून हसली. "बगून काय करू सायब? लेक बाळंत हाय."

कुणीतरी साहेबांच्या कानाला लागलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मान वर नाही, खाली नाही, नुसते डोळे फिरवले.

"तुझी माय का?"

"हाव."

"मग तूच ओत."

मी गेलो. माझी चावी चेंबरमध्येच उभी. मायनं घागर काठावर ठेवलेली, हात तिच्या गळ्यावर. मी हात लावला तर तिनं सोडली. मला वाटलं, धरून ठेवील. सोडली. मी घागर हौदाकडं वळवली.

"हौदात नको," साहेब म्हणाले. "तिकडं. मातीत."

मी मातीत ओतली.

दरवर्षी जयंतीला मी भाषण करायचो. तळ्याच्या सत्याग्रहावर. ओंजळ कशी भरली, ती कशी ओठाला लावली, हे मी असं सांगायचो, की म्हातारी माणसं डोळे पुसायची. माझा आवाज चांगला. लोक म्हणायचे, पोरगं पुढं जाईल. तेच पोरगं आता वाकून आपल्या मायची घागर मातीत रिकामी करत होतं, आणि हळू ओतत होतं. हळू ओतलं तर कमी सांडेल, असं काहीतरी डोक्यात होतं. माती तापलेली. पाणी पडलं तिथं नुसता वास आला आणि ओलसुद्धा राहिली नाही.

माय माझ्याकडं बघत नव्हती. घागरीच्या तोंडाकडं बघत होती. शेवटची धार तुटली तेव्हा तिनं हात पुढं केला, रिकामी घागर घेतली, कमरेवर ठेवली. सवयीनं अंग एका बाजूला कललं, भरल्या घागरीला कलतं तसं. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती सरळ झाली. सरळ होऊन चालायला लागली. ते सरळ होणं मला अजून दिसतं. लई माणसं रडताना बघितली मी. त्यांच्यातलं कुणी असं डोळ्यापुढं उभं राहत नाही.

ती फाटकाबाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "हौद रिकामा कर. परत भर."

मी म्हणालो, टाकीत इतकं पाणी न्हाई साहेब. म्हणाले, वस्तीचं उद्याचं आहे ना, ते घे. मी म्हणालो, हौद तर भरलेला हाय. म्हणाले, त्यात कचरा पडलाय, पूजा आहे, समजत नाही का?

मी हौदात बघितलं. तळाची नवी फरशी दिसत होती. चुन्याच्या रेषा दिसत होत्या. कचरा नव्हता. माझ्या मायची घागर तेवढी बुडाली होती.

'जात' हा शब्द त्या बागेत कुणी काढला नाही. नवा जिल्हा होता. सगळे जपून बोलत होते.

मी चेंबरपाशी गेलो. साहेबांना वाटलं कामाला लागला. मलाही काही क्षण तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. हाताला सवय. चेंबरात दोन व्हॉल्व्ह, एक बागेचा, एक वस्तीचा. रोज त्यांना फिरवताना मी कधी विचार केला नव्हता, की हे शेजारी शेजारी आहेत. एवढ्या जवळ. वाकलं की दोन्हींना हात लागतो. मी इतके दिवस वाकलो होतो, आणि सांगितलं त्यालाच चावी लावली होती.

बागेचा बंद केला. वस्तीचा उघडला. पार, शेवटच्या आट्यापर्यंत.

साहेब जवळ आले. पाणी कुठं चाललंय हे पाइपाच्या आवाजावरून त्यांना कळलं. मी उभा राहिलो. शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणालो, "न्हाई भरत, साहेब."

ते म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हणालो, आजपासूनच न्हाई येत. एवढं चांगलं वाक्य मला आयुष्यात परत सुचलं नाही. ते बोलून, चावी खांद्यावर टाकून मी मोठ्या डौलात वळलो आणि हत्तीच्या सोंडेला अडखळून पडलो. पँट गुडघ्यावर फाटली. सतरंजीवरची पोरं खो खो हसली. तसाच उठून चाललो.

वस्तीत आलो तर नळ चालू. बायांची झुंबड. उद्यावर गेलेलं पाणी आजच आलं म्हणून कुणाला विश्वास बसेना. माझी माय रांगेत शेवटी. मी म्हणालो, पुढं हो, आक्का हाय. बाया पण म्हणाल्या, ये पुढं. ती आली नाही. मी तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं, की हे पाणी मी सोडलंय, नोकरी सोडून आलोय. कुणीतरी पाठीवर थाप दिली. मी फुगलो. चावी माझ्या खांद्यावर, आता हा नळ कोण बंद करतंय?

मायची घागर अर्धी झाली आणि धार बारीक झाली. मग थेंब. मग नळानं नुसती हवा टाकली.

नगरपालिकेत दुसरी चावी होती.

एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. मला वाटायचं, गावाचं पाणी माझ्या खांद्यावर आहे. त्यांच्या कपाटात तशा किती चाव्या पडल्या होत्या, आणि त्या फिरवायला किती पोरं तयार होती, कुणास ठाऊक. त्यांचंही गणित कच्चंच असणार.

नंतर कळलं, पूजेला कळशीतलं पाणी घेतलं. हौद रिकामा करायला वेळ उरला नाही. पाहुणे आले, त्याच पाण्याचं कारंजं उडालं, वारं होतं, पहिल्या रांगेत तुषार गेले. सगळ्यांना गार वाटलं म्हणे.

आक्काचं न्हाणं अर्ध्या घागरीत झालं. मायनं तिचं डोकं धुतलं नाही, नुसतं अंग. लेकराला ओल्या फडक्यानं पुसलं. पडद्याआड आक्का म्हणत होती, बस माय, झालं, थोडं प्यायला ठेव. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होतो. त्या लेकराचा गावाशी हा पहिला संबंध. नागरिक झाली ती.

माय घागर घेऊन बाहेर आली, पालथी करून तिनं भिंतीला लावली. मी म्हणालो, माय, आता एकट्यानं चावी फिरवायला जात न्हाई मी. उद्या वस्तीतल्या सगळ्या घागरी घेऊन नगरपालिकेच्या दारात बसायचं. पोलीस येवोत, न्हाईतर कुणी येवो. रोज जायचं. ज्या दिवशी वस्तीचं पाणी वरच्या आळीसारखं येईल त्या दिवशीच उठायचं. बागेत कारंजं उडालं की हौदात घागर बुडवायची, मी स्वतः बुडवणार. ओत म्हणाले तर ओतणार न्हाई. हात तोडले तरी न्हाई.

आवाज मी खाली ठेवला होता. जयंतीचा आवाज नव्हता तो. मला वाटलं, आता तरी ती बघेल.

तिनं बघितलं. पहिल्यांदा फाटक्या गुडघ्याकडं, मग तोंडाकडं.

"आपल्याकडला नळ उघडाया," माय म्हणाली, "तुला माझी घागर सांडावी लागली व्हय रं?"