डोहापुढची आडवी रेघ

“हे पोरगी कागदात मासे धरून राहिली वो,” कपडे आपटता आपटता म्हातारी तिच्या जावेला म्हणाली. दोघी हसल्या. मी चार पावलांवर, बंधाऱ्याच्या भिंतीवर बसले होते. ऐकलंच नाही असं दाखवून मी मांडीवरच्या फाइलीचं पान उलटलं.

जीपच्या ड्रायव्हरनं त्यांना माझं काम सांगितलं होतं, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पूर्वी पुराच्या पाण्याबरोबर मासे अंडी घालायला नदीत किती वर चढत आणि कुठल्या बंधाऱ्यापाशी अडले, हे आमचे सर जुन्या सरकारी नोंदींतून शोधत होते. अमरावतीच्या दप्तरखान्यात त्या नोंदी वाचायचं काम माझ्याकडे होतं. वह्या बहुतेक इंग्रजीत, आणि मी पहिलीपासून इंग्रजीतच शिकलेली. सहा महिने एका खिडकीपाशी बसून वाचत होते. कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडायचं.

वहीत रकाने असे: गावाचं नाव, डोहाचं नाव, सापडणारे मासे. दर्यापूरकडच्या या गावाच्या डोहापुढे नुसती आडवी रेघ होती. मी माझ्या तक्त्यात शून्य लिहिलं. शेवटच्या रकान्यात कुणीतरी मोडीत एक ओळ लिहिली होती. मला मोडी येत नाही. दप्तरखान्यातले काका “अडलं तर विचारा” म्हणाले होते, पण ते बोलत फार मोठ्यानं. मी विचारलं नाही.

आता या बंधाऱ्याची दुरुस्ती होणार होती. त्याच्या कडेनं माशांना चढायला दगडांची उतरती वाट ठेवायची का, हे अकोल्याच्या बैठकीत ठरणार होतं. मला सरांनी फक्त फोटो काढायला पाठवलं होतं.

“काय लिहिलं वो आमच्या गावाचं?” म्हातारीनं थेट मलाच विचारलं.

“बंधाऱ्याच्या आधीही इथं मासे नव्हते, असं,” मी हळूच म्हणाले.

तिचा हात थांबला. “कोन म्हन्ते? मी नवी नवरी होती तवा हा बंधारा कुठं होता? वर देवळापाशी डोह हाये न, त्यात हातभर मासे. लाह्या टाकल्या का तोंड वर करत.”

“मग धरत नव्हते का कुणी?”

“डोहात? देवीच्या? आमी भोई असलो म्हून काय झालं! डोहातला तिचा, बाहेर निघाला तो आमचा. आमी धरत नव्हतो, म्हून काय थे नव्हतेच काय?”

जाऊ खाली बघत कपडे पिळत राहिली. म्हातारीनं भिंतीकडे बोट केलं. “हे बांधलं, अन् दोन-तीन पावसाळे इथंच उड्या मारत. इथं देवीचे नव्हते न थे. लोकाईनं टोपल्या भरल्या. आमच्या घरी बी आणले.” हातातला कपडा पुन्हा आपटून म्हणाली, “मंग आलेच नाहीत. आता माहे पोरं दुसऱ्याच्या सोयाबीनात मजुरीले जातात.”

जीपमध्ये मी फाइल उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांसमोर ती वही ठेवली आणि मोडीतल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला. “डोह देवीचा. जाळे टाकीत नाहीत. मासे पुष्कळ.” मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “मॅडम, इंग्रजी तेवढंच वाचलं काय तुम्ही? अडलं तर विचारा म्हटलं होतं न मी!” तीन टेबलांवरची माणसं वळली.

सरांनी तक्ता अकोल्याला आधीच पाठवला होता. मी सरांना फोन लावला आणि पहिली रिंग जायच्या आत कापला. मेसेज लिहिला, पुसला. आणखी किती गावांपुढे अशी रेघ होती, हे आठवत बसले. नीट आठवेना, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

बैठकीत मी दारापाशी, मागच्या रांगेत बसले. सरांनी पडद्यावर तक्ता दाखवला. “हे सगळं आमच्या या मुलीनं सहा महिने बसून काढलंय,” ते कौतुकानं म्हणाले. लोकांनी मागे वळून पाहिलं. मी मान खाली घातली.

इंजिनिअरसाहेबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. “म्हणजे वरच्या भागात मासे कधी नव्हतेच. मग वाट कोणासाठी ठेवायची? हा मुद्दा वगळू या.”

सरांनी मान डोलावली. कारकून लिहायला लागला. ती वाट गेली तर ती एका कागदामुळे जाणार होती, आणि तो कागद माझा होता. मी उठले तेव्हा खुर्ची फरशीवर करकरली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“सर, ते लिहू नका. तिथं मासे होते. डोह देवीचा म्हणून लोक धरत नव्हते. वहीत तसं लिहिलेलं आहे, मी वाचलं नाही. शून्य माझ्या चुकीनं पडलंय, आणि बाकीची शून्यंही मला पुन्हा तपासायची आहेत.”