रोपवेतली शिकवणी

तिला मॅडम म्हणायला सुरुवात केली तिच्या विद्यार्थिनींनी, आणि मग सगळ्या गल्लीने ते नाव उचललं. दूधवाला मॅडम म्हणे, भाजीवाली मॅडम म्हणे, थट्टेत का होईना पण नवराही तेच म्हणायला लागला. शाळेपासूनची मैत्रीण तेवढी तिला अजून "अगं बाई" अशी हाक मारायची. ही मैत्रीण एका दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसायची.

मॅडम बायकांना गाडी चालवायला शिकवायची. पण चाळिशीपर्यंत तिने साधी सायकलही हातात घेतली नव्हती. मग नवऱ्याची एक बाजू अर्धांगवायूने गेली, आणि त्याला व्यायामासाठी दवाखान्यात नेताना दर वेळी कोणाच्या तरी दारात जाऊन गाडी मागायची वेळ आली. त्याचा तिला वीट आला. शिकायला गेली, तर शिकवणारा सारखा वसकन अंगावर यायचा. परीक्षेत नापास होऊन होऊन ती एकदाची पास झाली, तेव्हा तिने मनाशी ठरवलं, आपणच शिकवायचं आणि कोणावरही ओरडायचं नाही. "तुला नाही जमायचं" हे घरच्यांकडून ऐकून ऐकून अर्ध्या झालेल्या बायका तिच्याकडे यायच्या. मॅडम शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसायची, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर, आणि गप्पा मारल्यासारखी बोलत राहायची. मैत्रीण म्हणायची, आमच्या डॉक्टरांनी हिला खुर्चीशेजारी बसवली तर भूल द्यायलाच नको.

शनिवार-रविवार परदेशातलं एखादं शहर बघून यायचं, ही कल्पना मैत्रिणीची. मॅडमने आधी साफ उडवून लावली. नवऱ्याचं पथ्यपाणी कोण बघणार, क्लास कोण घेणार? शेवटी तिच्या जाऊबाई बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, घर मी सांभाळते, तू नीघ. नवरा म्हणाला, "जा गं. दोन दिवस मलाही जरा डुलक्या काढू दे."

तिथे पोचल्यावर मैत्रिणीने ठरवल्याप्रमाणे शनिवारी सकाळी जुना राजवाडा झाला. मैत्रीण कमानी दाखवत होती आणि मॅडम रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. इथली माणसं वळताना आरशात बघतात, हे तिने इतक्या कौतुकाने सांगितलं की मैत्रिणीने कपाळाला हात लावला. दुपारी नदीवरून पलीकडच्या टेकडीवर जाणारा रोपवे होता. डब्यात या दोघी आणि तिथलंच एक जोडपं. बाई बारकीशी आणि नवरा दाराएवढा धिप्पाड.

नदीच्या बरोबर मध्यावर डबा गचका देऊन थांबला. वरच्या कर्ण्यातून कोणीतरी काहीतरी सांगितलं आणि तोही गप्प झाला. वारा होता. डबा हलायला लागला तसा तो धिप्पाड माणूस पांढराफटक पडला. आधी त्याने शर्टाचं बटण तोडलं, मग उठून दाराची फट दोन्ही हातांनी ओढायला लागला. बायको त्याला मागे खेचत होती, पण तिचं बळ ते किती? तो एका बाजूला गेल्यामुळे डबा कलला. मैत्रिणीने डोळे मिटून घेतले आणि दांडा घट्ट धरला.

"दादा, आधी बसा बरं," मॅडमचा आवाज आला. क्लासमधला होता तसाच.

मैत्रिणीने डोळे उघडले. मॅडमने त्या माणसाच्या दंडाला नुसता हात लावला होता. ओढलं नाही की दाबलं नाही. तो तिच्याकडे बघायला लागला, तशी ती स्वतः बसली आणि शेजारची जागा थोपटली. तो बसला. मग तिने त्याचे दोन्ही हात समोरच्या गोल कठड्यावर ठेवले, स्टीअरिंगवर ठेवतात तसे, आणि मराठीतच सुरू झाली.

"घट्ट नाही धरायचं. हलकं. हां. आता निघू या. समोर रस्ता मोकळा आहे. डावीकडे शाळा, म्हणून हळू. पुढे पिंपळ लागला की उजवीकडे."

तिने त्याचे हात अलगद उजवीकडे वळवले. त्या माणसाला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याचे हात वळले. चुकला तर ती म्हणायची, "काही हरकत नाही, पुन्हा घेऊ." मैत्रिणीला रस्ता ओळखू आला. मॅडमच्या घरापासून दवाखान्यापर्यंतचा, नवऱ्याला घेऊन ती पहिल्यांदा एकटीने गेली होती तोच. सिग्नल आला, थांबले. पुलावरून गेले. दवाखान्यापाशी पोचूनही डबा पुढे सरकेना, तेव्हा मॅडमने त्याला वळवून परत घरी आणलं आणि पुन्हा नेलं. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. बायकोही रडायची थांबली आणि त्यांच्याबरोबर वळणावर वळायला लागली.

किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. एकदाचा डबा पुढे सरकला आणि पलीकडे टेकला. उतरल्यावर तो माणूस मॅडमचा हात सोडेना. बायकोने त्यांच्या हॉटेलचं नाव फोनमध्ये लिहून घेतलं.

जोडपं बाजूला झाल्यावर मात्र मॅडम कट्ट्यावर मटकन बसली. मैत्रीण धावत जाऊन चहा घेऊन आली आणि कप तिच्या हातात नीट बसेपर्यंत आपणच धरून राहिली.

"तुला भीती वाटत होती?"

"मग? खाली बघितलं का तू? मला तर उंच स्टुलावरही चढवत नाही."

"अगं बाई, मग बोललीस कशी एवढं?"

"तो बसला नसता तर डबा अजून हलला असता," मॅडम म्हणाली. "आणि बिचारा घाबरला होता गं."

त्या संध्याकाळी मैत्रिणीने ठरवलेलं पुढचं काही बघायला जायचं नावच काढलं नाही. इतक्या वर्षांची मैत्री, पण कामावरची मॅडम तिने आजच बघितली होती.

रविवारी ते जोडपं गाडी घेऊन हॉटेलच्या दारात हजर. मैत्रिणीने त्या दिवसासाठी ठरवलेलं संग्रहालय राहिलं ते राहिलंच. त्यांनी दोघींना शहरभर फिरवलं, घरी नेऊन पोटभर जेवू घातलं. बायकोने फोनवर भाषांतर करून विचारलं, काल तुम्ही यांना काय सांगत होता? मंत्र होता का?

मॅडमला हसू आलं. "मंत्र कसला? रस्ता सांगत होते, आमच्या गावातला."

ते वाचून त्या माणसाने फोन घेतला आणि आपलं उत्तर तिच्यासमोर धरलं. मैत्रिणीने ते मोठ्याने वाचलं:

"भाषा कळली नाही. पण तुम्ही मला घरी आणलंत, एवढं कळलं."