मोठ्या बाईंचे कान

आमच्या गावातली लहान शाळा माझ्या इंग्रजीमुळे बंद पडली, असं मी इंग्लंडमधल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बरीच वर्षं सांगत आलो. लोक पोट धरून हसायचे. गोष्ट सांगण्याचा मला आग्रह व्हायचा आणि मीही थोडे आढेवेढे घेऊन ती सांगायचो. त्या गोष्टीत मी खोटं बोलत होतो. ते आता दुरुस्त करतो.

नॉटिंगहॅमच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणीच्या एका गावात मी फॅमिली डॉक्टर होतो. ऐंशीच्या दशकात खाण बंद झाली, तरुण कुटुंबं गाव सोडायला लागली आणि गावातल्या दोन प्राथमिक शाळांना पुरतील एवढी मुलं उरेनात. एक शाळा खाली नव्या वसाहतीत होती, मोठी, सपाट छपराची. दुसरी चर्चच्या मागे, लाल विटांची, लहानशी. माझी मुलगी या लहान शाळेत जायची. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, मनात आलं की लहान शाळा बंद करावी आणि सगळी मुलं मोठ्या शाळेत घालावीत.

लहान शाळेच्या मुख्याध्यापिकेला आम्ही घरी मोठ्या बाई म्हणायचो. उंच, हाडापेराने मजबूत, गळ्यात कायम शिट्टी. माझी बायको पुण्याहून आली तेव्हा दुकानात बोट दाखवून वस्तू मागायची. मुलीला सोडायला गेली की फाटकाबाहेरच उभी राहायची. मोठ्या बाईंनी एक दिवस तिला आत बोलावलं आणि दुपारच्या जेवणाला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. घरात अंडंही न आणणारी माझी बायको तिथे छोट्या मुलांना सॉसेज कापून द्यायची. “मी खात नाही, नुसती कापते,” म्हणायची. मुलं तिला ‘मिसेस डॉक्टर’ म्हणायची आणि तिचं इंग्रजी सुधारायची. घरी येऊन ती माझं सुधारायला लागली.

बाईंच्याच सांगण्यावरून मी शाळेचा गव्हर्नर झालो होतो, म्हणजे शाळेच्या कारभार समितीचा सभासद. कौन्सिलच्या बेताला समितीने रीतसर हरकत घ्यायची की नाही, यावर मतदान व्हायचं होतं.

त्याआधी कौन्सिलचा एक अधिकारी माझ्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, आला होता, दुसऱ्याच कामासाठी. माझी सर्जरी तेव्हा एका जुन्या घराच्या तळमजल्यावर होती. पेशंट जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचे, बाबागाड्या बाहेर फुटपाथवर भिजायच्या. निघताना कोट चढवत तो म्हणाला, “ती शाळेची इमारत मोकळी झाली, तर तुमच्यासारख्या डॉक्टरला बरी पडेल, नाही?” एवढंच बोलला. पण त्या दिवसापासून मी मनातल्या मनात शाळेच्या भिंती पाडून खोल्या करू लागलो. मंडळात सांगायच्या गोष्टीत हा माणूस कधीच नसायचा.

मग एका संध्याकाळी शेवटच्या पेशंटनंतर मोठ्या बाई आल्या आणि पेशंटच्या खुर्चीत बसल्या.

“मला काही झालेलं नाही, डॉक्टर. जीभ दाखवायला लावू नका. तुमचं मत मागायला आलेय.”

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. वर्गणी मागायला कोणी आलं, मुलासाठी कोणी स्थळ सुचवलं, तर आपण ‘बघतो’ म्हणतो आणि समोरचा काय ते समजतो. मी मनात ‘बघतो’ म्हटलं, त्याचं घाईघाईने इंग्रजी केलं आणि म्हणालो, “आय विल सी टू इट.” इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, हे काम माझ्याकडे लागलं, तुम्ही निश्चिंत राहा.

मंडळात हशा इथे यायचा. मग मी सांगायचो की या वाक्याचा खरा अर्थ मला फार पुढे कळला. तो त्याच क्षणी कळला होता. शब्द तोंडून चुकून गेले हे खरं, पण बाईंचा चेहरा एकदम सैल पडला, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. उगाच घाबरत घाबरत आले.” चूक सुधारायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो.

दुसऱ्या दिवशी बायको शाळेतून आली ती गुणगुणत.

“अहो, आज बाई भलत्याच खुशीत होत्या. काय सांगितलंत त्यांना?”

“काही नाही. बघतो म्हटलं.”

ती चहा गाळता गाळता थांबली. “मराठीत की इंग्रजीत?”

मी हसलो आणि वर्तमानपत्र उघडलं.

मतदानाच्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या पेशंटचा फोन आला. गुडघा दुखत होता, नेहमीसारखाच. सकाळी गेलो असतो तरी चाललं असतं. मी बॅग उचलली आणि गेलो, आणि वर त्यांच्याकडे चहा घेत बसलो. समितीत मतं सारखी पडली. चेअरमन कौन्सिलने नेमलेला होता, त्याचं जादा मत हरकतीच्या विरुद्ध गेलं. काही महिन्यांत शाळा बंद करायचा निर्णय झाला.

मी मत दिलं असतं तरी कौन्सिलला हवं तेच झालं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो आहे. तसं असेलही. पण पुढे जे झालं, त्याला ही समजूत लागू पडत नाही.

बाईंनी पालकांना सांगून ठेवलं होतं की डॉक्टर आपल्या बाजूने आहेत, त्यांनी शब्द दिलाय. शाळेच्या फाटकापाशी पालकांनी मला गाठलं. एक खाणकामगार सरळच म्हणाला, “काय डॉक्टर, शब्द दिला होतात म्हणे?” बाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणालो, “काहीतरी गैरसमज झालाय. मी विचार करतो म्हणालो होतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पालकांकडे वळून म्हणाल्या, “मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली असणार. वय झालं.”

ते वाक्य गावाने धरून ठेवलं. बाईंना ऐकू येत नाही, बाई भलतंच ऐकतात आणि लोकांना भलत्या आशा लावतात. नव्या एकत्र शाळेत त्यांना जागा मिळाली नाही. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मोठ्या शाळेत जेवणाला मदतनीस आधीच होत्या, त्यामुळे माझी बायकोही एप्रन घेऊन घरी आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी सर्जरी त्या लाल इमारतीत गेली. पूर्वी मुलं जिथे जेवायची त्या खोलीत मी बसायचो. पेशंट आनंदाने सांगायचे, “डॉक्टर, तुमचं टेबल आहे ना, तिथेच मी कोबीवर ओकलो होतो.” बायको त्या इमारतीत कधी आली नाही. फ्लूचं इंजेक्शन घ्यायला ती बसने शेजारच्या गावी जायची. का, ते मी तिला विचारलं नाही.

त्या दशकाच्या शेवटी मोठ्या बाई गेल्या. चर्चमध्ये त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने प्रेमाने त्यांचे किस्से सांगितले. त्यांतले बरेच कानांचे होते. मुलगा म्हणाला पोट दुखतंय आणि बाईंनी ऐकलं बोट दुखतंय, अशा जातीचे. लोक हसले. मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो. बाई माझ्या पेशंट होत्या. मतदानाच्याच वर्षी सर्दीनंतर कान दुखतो म्हणून आल्या होत्या आणि मी दोन्ही कान नीट तपासले होते. त्यांच्या पाठीमागे उभं राहून कुजबुजत आकडे म्हटले, ते त्यांनी एकही न चुकता परत म्हणून दाखवले. वर म्हणाल्या, “मागच्या बाकावर कोण काय बोलतंय हे ऐकू आलं नाही, तर शाळा कशी चालवणार?”

चर्चनंतर चहाच्या वेळी त्यांची भाची माझ्याजवळ आली. तिने विचारलं, “मावशीला तेव्हापासूनच कमी ऐकू येत होतं का हो, डॉक्टर?” मी म्हणालो, पेशंटविषयी मला बोलता येत नाही. तिने मान हलवली. नियम तसाच आहे, पण मी त्याच्याआड लपलो.

यंदा ही भाची कुठे राहते ते मुलीने शोधून काढलं आणि मला तिच्याकडे घेऊन गेली. भाचीही आता म्हातारी झाली आहे. मी इंग्रजीत, एकही शब्द न फिरवता सांगितलं की तिच्या मावशीला उत्तम ऐकू येत होतं, मी म्हणालो तेच मावशीने ऐकलं होतं, आणि फाटकापाशी खोटं मी बोललो होतो.

तिने टेबलावरचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, “आम्ही सगळे तिच्याशी शेवटपर्यंत ओरडून बोलायचो. ती म्हणायची, ओरडू नका गं. आम्हाला वाटायचं, कबूल करत नाही.”